मेलेला पिकअप

भाऊ, तू होतास तोवर तुला कधी अरे-तुरे केलं नाही. तुझ्या ऑर्केस्ट्रात गायला लागले तेव्हा परकरपोलक्यातून नुकती साडीत आले होते, आणि सोडला तेव्हा एका मुलीची आई होते, तरी शेवटपर्यंत 'अहो भाऊ, तुमचं चहाचं काय' असंच चाललं. आता तू मेलास. आता तू. मान राखायचा तर तो जिवंत माणसाचा राखावा, त्याचा काही उपयोग तरी होतो.

काल जळगावला तुझं पुण्यानुमोदन झालं. मंडप भरला होता. एकामागून एक माणसं उठून बोलली. दिनकरभाऊ म्हणजे दिलदार माणूस, दिनकरभाऊंनी सगळ्यांना सांभाळून घेतलं, दिनकरभाऊंनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही. मी पुढच्या रांगेत पांढरी साडी नेसून बसले होते आणि पदर तोंडात धरला होता. बायकांना वाटलं, सुमनला रडू आवरत नाही. एकीनं पाठीवरून हातसुद्धा फिरवला. मला हसू आवरत नव्हतं. तू कुणाचं मन दुखवलं नाहीस! तुझ्या तालमीतून रडत बाहेर न पडलेला एक वादक कुणी दाखवावा. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही तुझी आवडती म्हण. ढोलकवाल्या रमेशला रोज एकदा ती ऐकवल्याशिवाय तुला चहा गोड लागत नव्हता.

तरी आधी देणं मान्य करते. मावसबहिणीच्या हळदीला मी मागच्या खोलीत बसून गात होते, आणि तू लाउडस्पीकरची वायर ओढत दारात येऊन उभा राहिलास. "गानं तू म्हनी ऱ्हायनी का रेडिओ वाजी ऱ्हायना?" असं विचारलंस. रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस, तुला दुसरी उपमा सुचणार तरी कुठून? मी लाजून पळाले. दुसऱ्या दिवशी तू आमच्या ओट्यावर हजर. माझे आबा पोरीला स्टेजवर पाठवायला बिलकूल तयार नव्हते. तू चप्पल बाहेर काढून त्यांच्या पायाशी बसलास आणि म्हणालास, "आबा, पोरनी जबाबदारी मनी. जशी नेसू तशी आनी सोडसू." आणि तसं तू केलंसही. जामनेर, एरंडोल, वरणगाव, कुठंही कार्यक्रम असो, टेम्पो आधी आमच्या गल्लीत यायचा, मग बाकीच्यांना सोडायचा. कुणी वेडंवाकडं बोललं तर तू स्टेजवरून उतरून त्याची कॉलर धरायचास. माइकपासून किती लांब उभं राहायचं, वरचा सूर घेताना मान कशी वळवायची, हे सगळं तू शिकवलंस. मला गाणं आधीच येत होतं, पण गायिका तू केलंस. हे मी नाकारत नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

भुसावळला गिटार आणायला गेलो तो दिवस आठवतो का? रेल्वेच्या क्वार्टरमधले डिसोझाकाका निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला चालले होते आणि सामान काढून टाकत होते. तुला कुणीतरी सांगितलं की म्हाताऱ्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे, पण पोकळ. तू मला आणि रमेशला घेऊन पॅसेंजरनं निघालास. वाटभर एकच विषय. आपल्याकडची गिटार भरीव लाकडाची, फळकुटासारखी वाजते. पोकळ गिटारला पोट असतं, ती आतून बोलते.

काकांनी खाटेखालून पेटी ओढली. आत ती होती. कडेला काळपट आणि मधे मधाच्या रंगाची, व्हायोलिनला असतात तशी दोन नागमोडी भोकं असलेली. तारांखाली दोन चकचकीत पट्ट्या, म्हणजे तिचे पिकअप. लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते, तीच तारांचा आवाज पकडून ॲम्प्लिफायरकडे पाठवते, हे तू मला तिथंच समजावून सांगितलंस. काकांनी छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून चर्चमधलं काहीतरी वाजवलं. मला अजून आठवतं, मी भिंतीला टेकून उभी होते आणि आवाज पाठीतून आत आल्यासारखा वाटला. गोल, जाड आणि शांत आवाज होता तो. तू दुकानातून बरोबर आणलेला नवा टू-इन-वन त्यांना दिलास आणि गिटार घेतलीस. निघताना काका म्हणाले, "ये गिटार धीरे बोलती है. इसको चिल्लाने मत बोलना." तू 'हो हो' म्हणालास. तू 'हो हो' म्हणालास की माणसानं समजून जावं, भाऊ ऐकत नाहीत.

आणि तिनं पहिल्याच कार्यक्रमात तुला हिसका दाखवला. आपल्याकडे कार्यक्रम म्हणजे भोंगे. जयंती असो, गणपती असो, नवरात्र असो, गावच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं नाही तर मंडळाचा अध्यक्ष सत्काराचा नारळ द्यायलाही येत नाही. भोंग्यासमोर पोकळ गिटार धरली की ती बोंबलायला लागायची. स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरायचा, पोट घुमायचं, ते परत स्पीकरमधून यायचं. एक लांबलचक कुईं निघायची आणि पुढची पोरं कानात बोटं घालून खिदळायची. कुणी शहाण्यानं तुला सांगितलं की पोटात काहीतरी कोंबा. तू काय कोंबलंस? कापूस! जळगावच्या माणसाला दुसरं काय सुचणार? तोही जिनिंगमधून सरकी काढलेला नाही, जामनेरहून कुणाच्या तरी शेतातून पोतं भरून आणलेला, सरकीसकट. शैलावहिनींच्या विणायच्या सुईनं त्या दोन भोकांतून तू तो ठासलास. बोंबलणं थांबलं. पण गिटार हलवली की सरकी खुळखुळायची, आणि त्या सरकीच्या वासानं एक उंदीर आला आणि एका भोकाची कड कुरतडून गेला. तू त्या उंदराला ज्या शिव्या दिल्यास, त्या वहिनींनी मुलांना कान झाकायला लावून ऐकल्या. रमेश आणि मी आठवडाभर हसत होतो. तेव्हा तू पण हसला होतास, भाऊ. मी खोटं का लिहू.

मग ते घड्याळ. तुझ्या मेहुण्यानं मुंबईहून पाठवलेलं, आकडे दाखवणारं. दर तासाला ते पीप-पीप करायचं. सुरुवातीला तू ते मिरवायचास. गाण्याच्या मधेच वाजलं तर मनगट धरून दाबायचास. पुढं केव्हातरी ते तालमीत वाजायचं आणि तू तसाच बसून राहायचास. कुणीतरी ओरडायचं, "भाऊ, घड्याळ!" आणि तू मनगट कानाशी नेऊन विचारायचास, "कोठे वाजी ऱ्हायनं?" सगळे हसायचे. तो आपल्या तालमीचा ठरलेला विनोदच झाला. रमेश तर घड्याळ वाजायच्या आधीच तोंड उघडून तयार असायचा. आम्हाला वाटायचं, भाऊ सुरात बुडालेत. भक्त मंडळी अशीच असतात, देव बहिरा झालाय हे त्यांना शेवटी कळतं.

त्याच सुमारास तू डिसोझाकाकांच्या पिकअपच्या मागे लागलास. "हाऊ पिकअप मरी गया," एक दिवस तू जाहीर केलंस. आवाज बोथट येतो, धार नाही, तारा घोंगडीखालून वाजल्यासारख्या वाटतात. मी म्हटलं, "भाऊ, मला तर पहिल्यासारखाच येतोय." तू म्हणालास, "तुले काय समजस?" बरं, मला काय समजतं. तू वहिनींचं शिलाई मशीन ताब्यात घेतलंस. बॉबिन भरायच्या चाकावर पिकअपची नवी तार गुंडाळायला बसलास. वहिनी पायानं मशीन चालवायच्या, तू चिमटीत तार धरायचास, आणि ती तुटली की शिव्या वहिनींना. जुना पिकअप काढून तू बॉबिनच्या डब्यात टाकलास. नवा बसेना म्हणून कानस घेऊन गिटारच्या छातीतलं भोक घासून मोठं केलंस. मी बघत होते. लाकडाचा भुसा तुझ्या मांडीवर पडत होता आणि मला कळत नव्हतं की मलाच का दुखतंय.

नव्या पिकअपचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होता. तू खूश. दोन महिन्यांत तोही तुला 'मेला'. मग तू लग्नाच्या बँडमधल्या बेंजोला लावतात तसला पिकअप आणलास, ज्याचं कामच मुळी ट्रॅक्टर आणि फटाक्यांच्या वर ऐकू जाणं आहे. तो त्या बिचाऱ्या गिटारला लावलास. जामनेरच्या गणपतीत पहिल्या रांगेतल्या बायका पदरानं कान झाकून बसल्या, आणि तू मागं वळून मला म्हणालास, "आते कसं?" जुना बरा होता, हे मी तुला टेम्पोत सांगितलं. एरंडोलला सांगितलं, वरणगावला सांगितलं. आपलं ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही.

तोवर माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले होते. प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि कार्यक्रमापुरती एसटीनं जळगावला येत होते. एका दुपारी तू अचानक आमच्या दारात उभा. ॲम्प्लिफायरचा पार्ट घ्यायला धुळ्याला आलो, म्हणालास. मी कळण्याची भाकरी आणि भरीत केलं. नवरात्रासाठी बसवलेलं गाणं तुला स्वयंपाकघरातूनच म्हणून दाखवलं. तू जेवण थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होतास. इतकं टक लावून की माझी सासू मला नंतर बोलली. मी सासूला म्हटलं, "भाऊ माझ्या बापासारखे आहेत." त्या दिवशी तू भरीत दुसऱ्यांदा मागून घेतलंस आणि जाताना माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवलास.

आणि मग नवरात्राच्या आधीची तालीम. सगळे बसले होते. मी तेच गाणं म्हटलं. वरचा सा लागला, मला माहीत आहे लागला, अंगावर काटा आला की गाणाऱ्याला कळतं. तू हात वर करून वाद्यं थांबवलीस. म्हणालास, "सुमन, तुना आवाज मरी गया. शब्दच समजतस नई. तोंडमा गोया धरेल शे का?" तोंडात गोळा! रमेश काहीतरी म्हणायला गेला, तर त्याला 'नाचता येईना' ऐकवलीस. मग दाराशी बसलेल्या एका मुलीला पुढं बोलावलंस. तिला तू आधीच बोलावून ठेवलं होतंस. तिचा आवाज तुझ्या त्या बेंजोच्या पिकअपसारखा होता, कानात शिरून पलीकडून निघणारा. तू डोळे मिटून मान डोलावलीस. पिकअप बदललास तशी मला बदललंस, आणि तेही 'मरी गया' याच शब्दांत.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला, भाऊ. हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी रागावले नाही, भांडले नाही. तू म्हणालास आवाज मेला, म्हणजे मेला. ज्यानं मला गायिका केलं, त्याला नाही कळणार तर कुणाला? शाळेत प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायचे. मुलगी म्हणाली, आई अंगाई म्हण, तर तिला गोष्ट सांगितली. घरात भांडी घासतानासुद्धा गुणगुणले नाही. नवरा एकदा म्हणाला, घर फार शांत झालंय. मी म्हटलं, बरं आहे. मेलेली वस्तू घरात कोण ठेवतं?

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिली एसटी पकडून आले आणि तुझ्या पायांवर डोकं ठेवून रडले. खरी रडले. ते रडणं मला आता परत हवं आहे. कारण नंतर मी स्वयंपाकघरात वहिनींजवळ बसले, आणि वहिनींना राहवलं नाही.

"त्यास्ले माहीत व्हतं, सुमन," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"धुयाना डॉक्टरनी सांगेल व्हतं. भोंगासपुढे हुभा ऱ्हाई ऱ्हाई कान गयात म्हने. बारीक आवाज त्यास्ले येतच नव्हता. कोनले सांगू नको म्हने, नहीतं धंदा बठी जाई."

मी विचारलं, "कधी? कधी गेले होते डॉक्टरकडे?" त्यांनी सांगितलं, त्या नवरात्राच्या आधी. "त्या दिवशी तुनाकडे जेवना व्हतात ना, तवय."

म्हणजे धुळ्याच्या डॉक्टरकडून तू सरळ माझ्या घरी आलास. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतास, ते शब्द ओठांवरून वाचायला. तुला त्याच दिवशी कळलं होतं की पिकअप मेला नव्हता आणि मी पण नाही. तरी तू जाऊन ती मुलगी शोधलीस, जिचा आवाज तुझ्या उरलेल्या कानात पोचत होता. मी वहिनींना विचारलं, "आणि माझ्या आवाजाचं काय, वहिनी?" त्या भाकरीच्या परातीकडे बघत बोलल्या. "मी बोलनू व्हतू त्यास्ले. तिना नवराले नोकरी शे, तिनं काय अडस, म्हने."

तिचं काय अडतं! भाऊ, एवढं एकच वाक्य तू मला तोंडावर म्हणाला असतास ना, तर मी जळगावच्या चौकात तुझी चामडी सोलली असती आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याचकडे गायला आले असते. 'सुमन, माझे कान गेले' म्हणाला असतास तर मी तुझे कान झाले असते. तू वाजवलं असतंस, मी डोळ्यांनी सांगितलं असतं, वर, खाली, बस. कुणाला कळलंही नसतं. तुझी भीती मला समजते. बहिऱ्याच्या ऑर्केस्ट्राला कोण बोलावणार, हे मलाही कळतं. पण समजलं म्हणून माफ केलं असं होत नाही. अंगण सरळ होतं आणि तुला ते ठाऊक होतं.

वहिनींनी गिटार मला दिली. "तू ने, घरमा मन्हा डोयासपुढे नको," म्हणाल्या. बॉबिनच्या डब्यात दोऱ्यांच्या गुंत्याखाली डिसोझाकाकांचा पिकअप होता. रमेश आता तुझंच दुकान बघतो. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी त्यानं तुझा तो बेंजोचा पिकअप उचकटला, तू घासून मोठं केलेल्या भोकात लाकडाची पट्टी बसवली, जुना पिकअप डाग देऊन जोडला. मी विणायच्या सुईनं पोटातला कापूस ओढून काढला. काळा पडला होता, सरकी अजून आत होती. रमेशनं ॲम्प्लिफायर हळू ठेवला आणि एकच तार छेडली. भुसावळच्या त्या खोलीतला आवाज जसाच्या तसा आला. गोल, जाड, शांत. रमेशनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. आपलं भांडण मी जिंकले, भाऊ, आणि तोंडावर सांगायला समोर कुणी नाही.

काल भाषणं संपल्यावर कुणीतरी म्हणालं, सुमनताईंनी एक गीत म्हणावं. मी ठरवूनच आले होते. तू मला शिकवलेलं पहिलं जयंतीचं गीत घेतलं, ज्याच्यात वरचा सा लांब धरायचा असतो. तुझ्या फोटोकडे बघत म्हटलं. फोटोला हार, खाली मेणबत्त्या, शेजारी टेकून ठेवलेली गिटार आणि वहिनींनी ठेवलेलं तुझं घड्याळ. श्रद्धांजली वगैरे काही नव्हती. तुला दाखवायला म्हटलं. इतक्या वर्षांनी गळा सुरुवातीला खरखरला, मग मोकळा झाला आणि सा लागला. मंडपामागं भांडी घासणाऱ्या बाया थांबल्या. एक एक शब्द मी दातांवर घासून म्हटला, तुझ्यासाठी. वहिनींनी खाली घातलेली मान शेवटपर्यंत वर केली नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं. ज्याला ऐकवायचं तो तेव्हाही ऐकू शकत नव्हता आणि आता तर तेवढंही नाही.

मग सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांत. एवढ्या माणसांत पानाचा आवाज नाही. आणि बरोबर त्या शांततेत तुझं घड्याळ वाजलं, पीप-पीप. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. माझ्या शेजारी उभा असलेला रमेश मान खाली घालूनच, सवयीनं बोलून गेला, "भाऊ, घड्याळ."

कुणी हसलं नाही. मी तुझ्या फोटोकडे बघत वाट पाहिली. पहिल्यांदाच तू 'कोठे वाजी ऱ्हायनं' असं विचारलं नाहीस, आणि मग मला रडू आलं.